वाद्यांच्या कपाटाची वही : जून २०२४ ते एप्रिल २०२५

१८ जून २०२४, मंगळवार

टेम्पो पावणेअकराला फाटकात आला आणि अख्खी शाळा खिडक्यांना लटकली. अख्खी म्हणजे ४१ पोरं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, मिरज पूर्व भागातली जिल्हा परिषदेची शाळा.

उतरवून घेतलं ते असं. एक पेटी, एकेरी सुरांची. तबला-डग्गा. खोळीत गुंडाळलेला तंबोरा. हे तिन्ही सांगलीतल्या एका दिवंगत गायनमास्तरांच्या घरून. त्यांच्या सूनबाईंनी चुंबळीसुद्धा धुऊन, वाळवून, पिशवीत घालून दिल्यात. गावातल्या भजनी मंडळाकडून टाळाचे १२ जोड आणि एक ढोलकी. शिवाय एका कंपनीच्या सामाजिक निधीतून सहा छोटे कीबोर्ड, एक ब्लूटूथ स्पीकर आणि एक फ्लेक्स. आकारानं फ्लेक्स सगळ्यात मोठा. कंपनीच्या माणसांनी तो धरून पोरांबरोबर फोटो काढले आणि साडेअकराला ते गेले.

दुपारी दार लावून तपासणी केली. पेटीच्या भात्याला उंदरानं पाडलेलं भोक. मधल्या सप्तकातली काळी दोन (म्हणजे दुसरी काळी पट्टी) मुकी. आणखी एक पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नाही. तबला बरा आहे, डग्ग्याची पुडी (वर ताणलेलं चामडं) फाटलेली. तंबोऱ्याला चारांतल्या दोनच तारा, भोपळ्याला वीतभर चीर. कीबोर्ड नवेकोरे, पण अडॅप्टर एकालाही नाही. एकात सहा सेल बसतात. सहा कीबोर्ड, ३६ सेल. ते कुठून आणायचे हे फ्लेक्सवर लिहिलेलं नव्हतं.

२० जून, गुरुवार

सरांनी (आमचे मुख्याध्यापक) सगळं डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) चढवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. मी चावी मागितली तर म्हणाले, "बाई, पोरांनी मोडलं तर ऑडिटला उत्तर कोण देणार? तुम्ही का मी?" राग आला, पण त्यांचं चुकत नाही. माझ्या आधीच्या शाळेत पृथ्वीगोल फुटला होता, त्याचे पैसे बाईंच्या पगारातून गेले. तेव्हापासून तिथला नवा गोल खोक्यातच राहिला. पोरं पृथ्वीचं चित्र पाहायची, खोक्यावरचं.

२९ जून, शनिवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. विषय क्रमांक ४ : वाद्ये. सभासदांत भजनी मंडळाचे मृदंगवाले काका आहेत. अर्धा तास ते गप्प होते. मग म्हणाले, "कुलपातला मृदंग उंदरंच ऐकत्यात." ठराव पंधरा मिनिटांत झाला : मुलांच्या नियमित वापरात वाद्य खराब झाल्यास ती झीज समजावी, दुरुस्ती लोकवर्गणीतून करावी, दुरुस्तीपलीकडे गेल्यास निर्लेखनाचा (नोंदवहीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव ठेवावा. सरांनी सही केली, चावी माझ्या हातात दिली आणि हलकेच म्हणाले, "तरी जरा जपून."

६ जुलै, शनिवार

दुपारच्या एसटीनं मिरज. पेटी मांडीवर, डग्गा पायाशी, तंबोरा कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर. त्याला तिकीट नाही मारलं.

सतारमेकर गल्लीतले चाचा. या गल्लीत दीडशे वर्षांहून जास्त काळ तंतुवाद्यं घडतायत, आणि २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याबद्दल मी अभिनंदन केलं तर चाचा म्हणाले, "कागद आला. आता पोरं बसायला पाहिजेत कामाला." तंबोरा हातात घेऊन भोपळ्यावर बोटांनी टकटक केली, कान लावला. चीर वरवरची आहे, भरता येईल. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) झिजलीय, जवारी नव्यानं काढावी लागेल, म्हणजे तार गुणगुणेल अशी घोडी घासावी लागेल. तारा चारही नव्या. दोन महिने लागतील, घाई करायची नाही. मास्तर मुलींच्या शिकवण्या घ्यायचे, त्यामुळे तंबोरा बायकी, आकारानं लहान. पोरांना हाच बरा, असं त्यांचं मत.

पेटी शेजारच्या दुकानात, माझ्यासमोर उघडली. वरची झाकणं काढली, स्क्रू सोडले, सुरांची फळी उचलली. आत पितळी सुरांची रांग आणि दोन रांगांच्या मधे ज्वारीचे चार दाणे. उंदराचा डबा. मुक्या काळी दोनच्या पितळी जिभेखाली कारागिरानं पातळ कागदाची पट्टी सरकवली, नखानं जीभ दोनदा हळूच उचलली, फुंकर मारली आणि भाता दाबला. सूर बोलला. चिमटीत मावणार नाही एवढा कचरा, त्यानं सगळं अडवलेलं. "घरी असंच करा, पण जीभ वाकवू नका. वाकली की सूर उतरला," एवढं सांगून त्यानं भात्याला चामड्याचं ठिगळ चिकटवलं.

खर्च : पेटी आणि डग्ग्याची नवी पुडी मिळून ३,१०० रुपये. तंबोऱ्याचे नंतर. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हिशेब टाकला, संध्याकाळपर्यंत पैसे जमले. (दुरुस्तीला पैसे देणारे कमी असतात असं मला वाटायचं. हिशेबाबरोबर उंदराच्या भोकाचा फोटो जोडावा.)

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी, म्हणून आज शाळेची दिंडी. टाळ पहिल्यांदाच बाहेर काढले. आठवडाभर मी "एक दोन तीन चार पाच सहा सात आठ" असं मोजून शिकवत होते आणि पोरं हमखास सातव्याला घसरत होती. आज देवळापाशी काकांनी मृदंगावर भजनी ठेका धरला आणि तीच पोरं एकाही मात्रेला चुकली नाहीत. ठेका त्यांच्या अंगात आधीपासूनच आहे, घरोघरच्या भजनातून आलेला. माझी मोजणी त्याच्या आड येत होती. यापुढे आधी वाजवायचं, मोजायचं नंतर.

पावसानं तबला उतरलाय. हवेत दमटपणा आला की पुडी सैल पडते. कपाटात खालच्या कप्प्यात कापराच्या वड्या ठेवल्या, वाद्यं वरच्या कप्प्यात.

३ ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद लांबणार.

लहानपणी मी गांधर्वच्या संगीताच्या दोन परीक्षा दिल्या आणि तिथेच थांबले. पेटी मला पांढरी एकमधूनच येते, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, कारण शुद्ध सूर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर पडतात, बोटांना विचार करावा लागत नाही. दोन आठवडे परिपाठाची प्रार्थना मी पांढरी एकमध्ये वाजवतेय आणि दोन आठवडे अंतरा आला की पोरं किंचाळतायत. मानेच्या शिरा दिसतात. मी "हळू, गोड आवाजात" म्हणत राहिले. त्यावर ती पुटपुटायला लागली.

काका आज सहज आले होते. ओट्यावर बसून ऐकलं आणि म्हणाले, "पोरं वरडत न्हाईत बाई, तुम्ही त्यास्नी झाडावर चढिवताय. पट्टी उतरवा." काळी चार धरली. पहिल्या ओळीला काही कळलं नाही. अंतऱ्याला वरच्या गंधारापर्यंत पोरं सहज गेली, आणि मागच्या ओळीतला जो कधीच गात नाही तोही गायला. त्याचं तोंड हललेलं मी पाहिलं. दोष पोरांच्या गळ्यात नव्हता, माझ्या बोटांच्या आळसात होता.

पण काळी चारमधून वाजवायचं म्हणजे काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच असा उड्यांचा खेळ. माझी बोटं अडखळतात. आणि तबल्याचं काय? मास्तरांचा तबला काळी एकचा. तो काळी चारपर्यंत चढवायला गेलं तर पुडी फाटेल. काका हसले. "काळी चारचा मध्यम कुठला?" मोजलं : काळी एक. म्हणजे तबला आहे तसा ठेवायचा, तो मध्यमात बोलतो. मास्तर मुलींना काळी चारमधूनच शिकवत असणार, म्हणून तंबोराही लहान आणि तबला काळी एकचा. तिन्ही वाद्यं एकमेकांशी जुळलेली होती, मीच तिघांना वेगवेगळं समजत होते.

एक अडचण उरते. पहिलीतल्या बारक्यांना खालचा सा नीट पोचत नाही, तिथे ती नुसती हवा सोडतात. जी गाणी खालच्या नीच्या खाली जातात ती सध्या नकोत.

१७ ऑगस्ट, शनिवार

उद्या १८ ऑगस्ट, विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्मदिवस (१८७२). रविवार असल्यानं आजच सांगितलं. जन्म कुरुंदवाडचा, म्हणजे आमच्याहून पलीकडचा हाकेचा टापू. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेत आले आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजेरजवाड्यांच्या पदरी न राहता लोकांच्या मदतीवर. पोरांना लाहोरपेक्षा फटाका जास्त लक्षात राहिला. हरकत नाही, दिवाळी जवळ आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

तबल्याला चार जण बसतात. त्यांतला एक चौथीतला डावखुरा. सुरुवातीला त्याला सगळ्यांसारखं बसवलं, उजव्या हाताला तबला, डाव्याला डग्गा. "ना" वाजायचा पण मेल्यासारखा. आज मी पाठमोरी असताना त्यानं दोन्हींची अदलाबदल केली आणि एकदम खणखणीत आवाज आला. काकांना पटलं नाही. बराच वेळ ऐकलं आणि मग म्हणाले, "असू द्या. कान सरळ हाय त्याचा."

चौथीला आज आवाज आणि कंपन दाखवायला डग्ग्यावर चिमूटभर कोरडा रवा टाकला. घुमवला की रवा नाचून बाजूला होतो, पोरं वेडी झाली. सी. व्ही. रामन यांनीही मृदंग-तबल्याच्या पुड्यांवर बारीक वाळू पसरून हेच पाहिलं होतं. साध्या ढोलाचा आवाज नुसता "धप्प" येतो, पण तबल्याच्या शाईमुळे (मधल्या काळ्या गोलामुळे) पुडीची कंपनं सुरेल पटीत बसतात, म्हणून त्यातून स्वर ऐकू येतो. १९२० साली त्यांनी यावर लिहिलंही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, रामनसाहेबांनी वाळू नंतर पुसली असंल, तुमचा रवा शाईच्या भेगांत बसलाय. दुपारभर मऊ ब्रशनं रवा काढत बसले.

२१ सप्टेंबर, शनिवार

तंबोरा आला. भरलेली चीर हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही.

खरं सांगायचं तर तंबोऱ्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. प्राथमिक शाळेत तंबोरा म्हणजे हौसच, असं वाटायचं. आज पहिलीतल्या एका पोरीला सतरंजीवर बसवलं, तंबोरा आडवा तिच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, एकेक तार, हळू, थांबायचं नाही. प, सा, सा, खालचा सा. तिला वाद्य "यायची" गरजच नव्हती. पहिल्या मिनिटापासून ती वाजवत होती, आणि बरोबर वाजवत होती. पेटीवर या वयाचं पोर महिनाभर नुसतं पीं-पीं करतं.

वर्ग शांत झाला. "शांत बसा" मी म्हटलं नव्हतं. तार सोडल्यावर आवाज सावकाश फुलत जातो, तो ऐकायला पोरं श्वास धरून बसतात. चाचांनी जवारीत घोडी आणि तारेच्या मधे सुताचे बारीक धागे घातलेत. तिसरीतल्या एकानं विचारलं, तारेत दोरा कशाला अडकलाय? धागा ओढला आणि तार छेडली : आवाज कोरडा, पत्र्यासारखा. धागा परत सरकवत गेले आणि एका जागी ती गुणगुण उमलली. "बाई, मधमाशी आली," तो म्हणाला. आता जो तो धागा सरकवायला मागतो. मागू देत.

वेळापत्रक लावलं : परिपाठाला रोज एक जण तंबोऱ्यावर, हजेरी क्रमांकानं. गुणवत्तेनं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन बातम्या, दोन्ही वाईट.

एक : कीबोर्ड. सेल घातले (शेवटी आम्हीच आणले). पोरांनी पहिल्या तासात एकच बटण शोधलं, ते दाबलं की आपोआप गाणं वाजतं. सहा कीबोर्डांवर सहा गाणी, एकाच वेळी. दुसऱ्या तासाला सेल उतरले. यंत्राचा दोष नाही. चाळीस पोरांच्या एका खोलीत, हेडफोन नाही, वीज दुपारी जाते, त्या जागेचा विचार न करता दिलेली वस्तू आहे ती. एक ठेवला, पट्ट्यांची ओळख करून द्यायला. पाच दुसऱ्या शाळेला देता येतील का ते केंद्रप्रमुखांना विचारणार.

दोन : तबल्याची पुडी फाटली. डावखुऱ्यानं मधल्या सुट्टीत हातोडी घेतली आणि गट्टे ठोकून तबला चढवत गेला. मी आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, हातोडी अजून हातात. "काळी चार करत हुतो," एवढंच म्हणाला. त्याला मध्यमाचं गणित मी सांगितलंच नव्हतं. पेटी काळी चार, तर तबलाही काळी चार, असा त्याचा सरळ हिशेब. ओरडायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. त्याला पेटीपाशी बसवून सा पासून मध्यमापर्यंत बोटं मोजायला लावली. तीनदा मोजली.

सरांना सांगितलं. त्यांनी ठरावाची वही काढली, विषय क्रमांक ४ पुन्हा वाचला आणि म्हणाले, "झीज." एवढंच.

पुडी ९५० रुपये.

१८ नोव्हेंबर, सोमवार

परवा विधानसभेचं मतदान, आमच्या वर्गखोलीत केंद्र. खोली मोकळी करून द्यायची. पेटी आणि तबला सरांच्या घरी, टाळ देवळात, तंबोरा माझ्याकडे. एसटीत कंडक्टर तोच. "परत निघाला?" म्हणाला. मला दुसऱ्या गावात निवडणूक ड्युटी. तंबोऱ्याच्या तारा सैल करून ठेवल्या.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वाद्यं परत. पेटीची काळी दोन पुन्हा मुकी, आणि काळी चारमध्ये ती म्हणजे पंचम. परिपाठात प्रार्थना सुरू झाल्यावरच कळलं. दर पंचमाला पेटी गप्प. मी घाबरून थांबणार होते, पण पोरं थांबली नाहीत. पेटीतून जो पंचम येत नव्हता तो त्यांच्या गळ्यातून येत होता, अगदी जागेवर. मागे पहिलीतला एक पोरगा तंबोरा छेडत होता, त्याची पहिली तार पंचमाचीच. जूनमध्ये ही प्रार्थना पेटीशिवाय कशी व्हायची ते मला आठवतंय.

"बाई, पेटीचा घसा बसलाय," चौथीतली एक म्हणाली. मधल्या सुट्टीत फळी उचलली, तिच्याकडून कागदाची पट्टी कापून घेतली, जिभेखाली सरकवली. फुंकर तिनं मारली.

१६ डिसेंबर, सोमवार

काल सॅन फ्रान्सिस्कोला झाकीर हुसेन गेले. वय ७३. सकाळी पोरांना घरच्या फोनवर कळलेलंच होतं. मी थोडं सांगितलं : मुंबईचे, वडील आणि गुरू उस्ताद अल्लारखाँ, याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी. स्पीकर पहिल्यांदा खऱ्या कामाला आला. दहा मिनिटं तबला ऐकवला. कुणी हललं नाही.

संपल्यावर डावखुऱ्यानं विचारलं, "त्यांचा तबला आता कुणाकडं जाणार?"

मला माहीत नाही असं सांगितलं. तो आपल्यासमोरच्या तबल्याकडे बघत राहिला. हा तबला कुणाकडून आला हे त्यांना मी कधी नीट सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं.

११ जानेवारी २०२५, शनिवार

तिसरी-चौथीची मिरज भेट. चाचांच्या दुकानात छताला उलटे टांगलेले भोपळे. हे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, कडू जातीचे, भाजीचे नव्हेत. पोरांना वाटलं चाचा खोटं बोलतायत. एका भोपळ्याच्या आत हात घालून बघायला दिला : सुकून लाकडासारखा. जवारी काढताना चाचा कानस दोनदा फिरवतात आणि ऐकतात, दोनदा फिरवतात आणि ऐकतात. पाऊण तासात सगळं मिळून कानशीपेक्षा कानाचं काम जास्त झालं. निघताना त्यांनी आमच्या तंबोऱ्याची चौकशी केली, लांब गावी दिलेल्या मुलीची करावी तशी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, राज्यगीत, मग आमचा कार्यक्रम. सांगलीहून मास्तरांच्या सूनबाई आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या. कार्यक्रम ठीक झाला. टाळ एकदा पुढे पळाले. नंतर त्या पेटीजवळ आल्या, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे एक खाच आहे. ती त्यांच्या धाकट्यानं पाडली होती म्हणे, लहानपणी, आणि मार खाल्ला होता. मी म्हटलं, आमच्याकडे ठराव आहे. त्या हसल्या, मग डोळे पुसले. चहा घेऊन गेल्या.

८ मार्च, शनिवार

हिशेब : दुरुस्ती आणि सेल मिळून आजवर ७,८४० रुपये, सगळे लोकवर्गणीतून. त्यातले सेलवर गेले ते वाया. पाच कीबोर्ड एका मोठ्या शाळेनं नेले, त्यांच्याकडे संगणक कक्ष आणि हेडफोन आहेत.

एका गृहस्थांचा फोन : गिटार पडून आहे, देऊ का? मी विचारलं, तारा किती आहेत, पेटीत आहे की भिंतीवर, शेवटची कधी वाजली. ते जरा दुखावले. मग म्हणाले, तुम्ही येऊन बघा. हे बरं.

३० एप्रिल, बुधवार

उद्या १ मे, झेंडावंदन आणि निकाल. आज कपाट आवरलं. तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या, पेटीचा भाता मिटून कडी लावली, कापूर नवा. टाळ १२ जोडांतले ११, एक दिंडीतच हरवलेला, तो काकांनी आपल्याकडचा घातला.

डावखुरा पाचवीला शेजारच्या गावात जाणार. तिथे वाद्यं नाहीत. आईला घेऊन आला, स्वतः काही बोलला नाही, आईच बोलली. सरांनी रजिस्टरचं मागचं पान उघडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : "तबला-डग्गा एक जोडी, चुंबळींसह, सुट्टीपुरती उसनवार. परत १६ जूनला." आईनं सही केली.

हातोडी कपाटातच ठेवली.